औषधी अळंबी : लागवड आणि गुण

चीनमध्ये ‘लिंगझी’ व जपानात ‘रेशी’ या नावाने प्रसिद्ध असलेली अळंबी आज आपल्याकडेही भुकटीच्या रूपाने विकली जाते. परंतु तिचा गुण नावावर नव्हे, तर लागवडीवर अवलंबून असतो.

अळंबीला हरितद्रव्य नसते. ज्यावर ती वाढते त्यातूनच ती अन्न घेते. ओंडक्यावर किंवा लाकडाच्या भुशावर वाढविल्यास काही महिन्यांनी तिला छत्र येते. रेशीला कडवटपणा देणारी ट्रायटर्पीन द्रव्ये मुख्यतः या छत्रात असतात. दुसरी रीत म्हणजे धान्यावर नुसते तंतुजाल वाढवून ते धान्यासकट दळणे. ही रीत जलद व स्वस्त खरी. पण भुकटीत धान्याचे पिष्ट बरेच उरते. तिच्या थंड केलेल्या काढ्यात आयोडीनचा थेंब टाकल्यास निळा-काळा रंग येतो, तो या पिष्टामुळेच. शिवाय भुशात कॅडमियमसारखे जड धातू असल्यास तेही अळंबीत उतरतात.

म्हणून सभासद बंधुभगिनींनी खरेदीपूर्वी तीन गोष्टी विचाराव्या : छत्र की तंतुजाल? कशावर वाढविले? धातूंची तपासणी झाली आहे काय? आणि घरात कोणी आजारी असल्यास डॉक्टरांचे औषध अळंबीच्या भरवशावर कदापि बंद करू नये.