होडीच्या इंजिनाला पदवी कशाला?

प्रश्न : दहावी झालोय, मालवणात गॅरेजात दुचाक्या दुरुस्त करतो. होड्यांची इंजिनं शिकायची आहेत. पण मरीन इंजिनीअरिंगची पदवी लागते म्हणतात. खरं का? – एक वाचक

उत्तर : ती पदवी मोठ्या जहाजांसाठी. तुमचा हात पान्यावर बसलाय, म्हणजे सुरुवात झालीच. आयटीआयचा डिझेल मेकॅनिक वर्षाचा. कोचीच्या ‘सिफनेट’ या मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण संस्थेत दहावीनंतर मरीन फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. वयाची अट आधी पाहा.

नवं शिकायचं ते खाऱ्या पाण्याचं. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, चालू असताना पाण्याची बारीक धार बाहेर पडते ना, ती मंदावली की आधी पाण्याच्या पंपातला इंपेलर बघायचा. आणि होडी किनाऱ्याला लागली की इंजिनात गोडं पाणी फिरवायचं. दुचाकीचे एवढे लाड नसतात!

‘मर्चंट नेव्हीत लावतो’ म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्या एजंटाला मात्र दारात उभं करू नका.