जंतूंचे विषाणू शिरेतून देण्यापूर्वी

जंतूंना मारणारे विषाणू, म्हणजे फाज, सरळ शिरेत का टोचत नाहीत, असे एका वाचकाने विचारले आहे. अडचण अशी की, फाज जंतूंमध्येच वाढवावे लागतात. ई. कोलायसारखे जंतू फुटले की त्यांच्या आवरणातील विष द्रावणात उतरते. ते रक्तात गेल्यास हुडहुडी भरून ताप येतो, रक्तदाबही कोसळतो.

म्हणून नळीत सीझियम क्लोराइडचे थर देतात. तळाशी दाट, वर पातळ. त्यावर फाजचे द्रावण सोडून नळी मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरवतात. बरेचसे फाज १.५ घनतेच्या आसपास निळसर पट्टा होऊन थांबतात. पहिल्यांदा तो सुईने ओढताना माझा हात कापत होता. जरा हललो असतो तर कचरा मिसळला असता! नंतर डायलिसिसने सीझियम काढतात, उरलेले विष मोजतात.

२०१६ मध्ये अमेरिकेत सान दिएगोला एका अत्यवस्थ रुग्णाला शिरेतून फाज दिले, तो वाचला.