शॉर्ट स्केल बेस गिटार : स्वस्त आणि महाग वाद्यांचा तौलनिक अभ्यास

वाद्यवृंदातील सर्वांत खालचे स्वर बेस गिटार सांभाळते. श्रोत्यांचे लक्ष तिच्याकडे क्वचितच जाते. मात्र ती थांबली की सारे गाणे पोकळ वाटू लागते. हे वाद्य शिकू पाहणाऱ्या मुलामुलींच्या पालकांपुढे पहिला प्रश्न असतो तो किमतीचा : स्वस्त वाद्य चालेल काय, की पैसे साठवून उंची वाद्यच घ्यावे? या प्रश्नात घरातील कष्टाचा पैसा आणि मुलाचा उत्साह, दोन्ही पणाला लागलेले असतात. म्हणून प्रस्तुत लेखात आपण शॉर्ट स्केल बेसच्या स्वस्त व महाग प्रकारांची तुलना करू.

लांबीचे गणित

नट आणि ब्रिज यांमध्ये कंप पावणाऱ्या तारेच्या लांबीला 'स्केल' म्हणतात. लिओ फेंडर यांच्या १९५१ सालच्या प्रिसिजन बेसमध्ये ती ३४ इंच होती आणि पुढे तेच माप रूढ झाले. शॉर्ट स्केल वाद्यात ती साधारणतः ३० इंच असते. पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर मोठ्या वाद्यावर सुमारे १३ सेंटीमीटर, तर लहान वाद्यावर सुमारे साडेअकरा सेंटीमीटर भरते. लहान हातासाठी हा फरक मोठा आहे.

तारेचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तीच तार त्याच स्वरात लावली, तर ३० इंची वाद्यावर ताण सुमारे २२ टक्क्यांनी कमी पडतो. त्यामुळे तार दाबणे सोपे जाते व नाद अधिक गोल, मऊ येतो. याची दुसरी बाजूही आहे. सेकंदाला सुमारे ४१ कंपने करणारी सर्वांत जाड तार सैल भासते आणि जुळणी नीट नसल्यास पडद्यांवर खडखडते.

हे सारे गुणदोष लांबीतून येतात, किमतीतून नव्हे. ३० इंच ही स्वस्त वाद्यातही ३० इंचच असते.

किंमत कोठे जाते?

फेंडरचा ३० इंची मस्टँग बेस १९६६ साली आला. आज त्याचे स्वस्त रूप त्याच कंपनीच्या 'स्क्वायर' या नावाने, तर महाग रूप 'फेंडर' या नावाने मिळते. अशा जोड्यांतील फरक मुख्यतः कारागिरीचा असतो. महाग वाद्यात पडद्यांची टोके घासून गुळगुळीत केलेली असतात, खुंट्या स्वर घट्ट धरून ठेवतात, पिकअप अधिक स्वच्छ आवाज देतात आणि विजेची गुणगुण कमी येते. स्वस्त वाद्यात पडद्यांची टोके हाताला बोचू शकतात आणि नटच्या खाचा ओबडधोबड असू शकतात.

यांतील बहुतेक उणिवा दूर करता येतात. पडदे घासता येतात. नट, खुंट्या, पिकअप बदलता येतात. पिळलेली नेक मात्र सहजी सुधारत नाही. काही वेळा रचनाही वेगळी असते. जर्मनीत घडणारा हॉफ्नर ५००/१ आतून पूर्ण पोकळ असतो, तर चीनमध्ये बनणाऱ्या त्याच्या 'कंटेम्पररी' आवृत्तीत मध्यभागी लाकडी ठोकळा असतो. त्यामुळे दोन्हींचा नाद सारखा नसतो.

इतिहासाचा दाखला

आज उंची मानला जाणारा हॉफ्नर एके काळी परवडणारा पर्याय होता. १९६१ साली हॅम्बुर्ग येथे पॉल मॅकार्टनी यांनी तो सुमारे ३० पौंडांना घेतला. फेंडरची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेर होती. व्हायोलिनसारखा दोन्ही बाजूंनी सारखा आकार त्यांच्या डाव्या हातालाही सोयीचा ठरला. बीटल्सच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत हेच वाद्य वाजले. १९७२ साली चोरीस गेलेले हे वाद्य परत मिळाल्याचे वृत्त २०२४ साली जगभर पसरले.

निवड कशी करावी?

प्रथम नेकच्या टोकाशी डोळा लावून ती सरळ आहे काय, ते पाहावे. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून खडखड ऐकावी. मोकळ्या तारेचा स्वर आणि बाराव्या पडद्यावरील वरच्या सप्तकाचा स्वर ट्यूनरवर जुळवून पाहावा. तारा शॉर्ट स्केलसाठीच बनवलेल्या घ्याव्यात. उरलेली रक्कम जाणत्या कारागिराकडून जुळणी करून घेण्यासाठी आणि बऱ्यापैकी अ‍ॅम्प्लिफायरसाठी राखून ठेवावी. मिरजेचा उत्तम तंबोराही जवारी बिघडल्यावर नीट बोलत नाही. तसेच हे आहे.

जुळणी न केलेल्या वाद्यावर बोटे दुखतात, स्वर बेसूर लागतो आणि "मला हे जमत नाही," असे मूल समजून बसते. दोष वाद्याचा असतो. हानी मात्र मुलाच्या आत्मविश्वासाची होते. म्हणून आरंभी सरळ नेकचे, नीट जुळवलेले स्वस्त वाद्य घ्यावे, असे आम्ही सुचवतो. दोन-तीन वर्षांच्या नियमित सरावानंतर विद्यार्थ्याला आपल्या वाद्यात नेमके काय कमी आहे, हे स्वतःच्या कानांनी ओळखता येते. महाग वाद्याचा विचार तेव्हा करावा.