बारामती-इंदापूरची माळरान सफारी : खिशाला किती पडते?

कोरड्या मुलखातले वन्यजीव पाहायला राजस्थान गाठायलाच हवे असे नाही. पर्जन्यछायेतल्या बारामती-इंदापूरच्या माळांवर लांडगा, तरस, खोकड आणि चिंकारा आजही नांदतात. पुणे वनविभागाने २०२४मध्ये इथे माळरान सफारी सुरू केली. तिची दोन ठिकाणे : इंदापूर तालुक्यातले कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातले शिर्सुफळ.

सगळ्यात मोठा खर्च गाडीचा. पुण्याहून कडबनवाडीला जाऊन-येऊन, थोडे फिरणे धरून, तीनशे किलोमीटर होतात. लिटरला १५ किलोमीटर चालणारी गाडी २० लिटर पेट्रोल खाते. म्हणजे लिटरला १०५ रुपये धरले तर २,१०० रुपये. चौघांत वाटले की माणशी सव्वापाचशे. टोल वेगळा. टॅक्सी किलोमीटरला १४ रुपयांनी ठरली तर ४,२०० रुपये होतात, शिवाय चालकाचा भत्ता. एकटे-दुकटे असाल तर स्वारगेटहून बारामतीची एसटी स्वस्त पडते. महिलांना तिकीट अर्धे, तर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. मात्र बारामतीतून माळापर्यंत गाडी करावीच लागते. ती आधी ठरवली नाही, तर वाचवलेले पैसे तिथेच जातात.

सफारीचे आरक्षण ऑनलाइन होते. पैसे भरण्याआधी प्रवेश, वाहन आणि गाइड यांचे शुल्क वेगवेगळे वाचा. गाइडच्या पैशात काटकसर करू नका. वाळल्या गवताच्या रंगाचा लांडगा शंभर पावलांवर बसलेला असला, तरी शहरी डोळ्याला दिसत नाही. माळावर वाढलेला पोरगा तो कानाच्या टोकावरून ओळखतो. तरीही लांडगा दिसेलच, अशी खात्री कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तेव्हा भोवत्या हे शिकारी पक्षी परदेशातून इथे उतरलेले असतात. दुपारची फेरी घेऊन भिगवणला मुक्काम केलात, तर सकाळी उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहता येतात. भिगवणजवळच्या कुंभारगावला नावेचे भाडे बहुधा माणशी नसते, पूर्ण नावेचे असते. सहाजण जमले की परवडते. बसण्याआधी रक्कम आणि वेळ दोन्ही बोलून घ्या. जेवणाला चिलापी माशाची थाळी मागा.

हात आखडता घ्यायचा असेल, तर सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य. पुण्याहून सत्तरेक किलोमीटर, क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर, आणि चिंकारा दिसण्याची आशा चांगली. मोरगावचा गणपती वाटेवरच आहे.

दुर्बीण उसनी मिळाली तरी चालेल. पाणी आणि टोपी मात्र घरूनच न्या, माळावर सावली नसते. आणि फोटोसाठी चालकाला रस्ता सोडायला लावू नका. चंडोल आणि धाविक उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, आणि ती मातीच्याच रंगाची असतात.