रस्त्याच्या भरावातली राख : काम चालू असताना काय बघायचं?

सखींनो, मौद्याला एनटीपीसीचं २,३२० मेगावॉटचं वीज केंद्र आहे, त्यामुळे राख आपल्याला नवी नाही. आपल्या देशी कोळशात राखच फार. शंभर किलो कोळसा जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. ती ठेवायची कुठे?

एक जागा म्हणजे रस्त्याचा भराव. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे, औष्णिक वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत रस्त्याचं काम असेल तर भरावात राख वापरणं बंधनकारक आहे. अट एकच : वीज केंद्राने ती कामावर फुकट, स्वतःच्या वाहतूक खर्चाने पोचवून द्यायची. नागपूर, भंडारा, गोंदिया यात आलेच.

यात आपला फायदा काय? भरावाची माती आणि मुरूम कुठून तरी खणूनच आणतात, बरेचदा कुणाच्या शेतातून. वरचा सुपीक थर एकदा गेला की चार पैसे मिळतात, पण पीक हटतं. राख वापरली तर तेवढी माती वाचते.

पण राख नुसती ओतून चालत नाही. करंजी आठवा. सारण आत, पारी बाहेर, आणि कड सुटली की सारण तेलात पसरलं! रस्त्यातही राख हे सारण. ती पाणी मारून थराथराने पसरतात, प्रत्येक थर रोलरने दाबतात. दोन्ही बाजूंची मातीची पारी राखेच्या थरासोबतच चढवत न्यायची, मागाहून नाही. शेवटी वरूनही चांगल्या मातीचा जाड थर. ही पारी नसली तर पहिल्याच पावसात राख वाहते, भराव खचतो, आणि ती शेतात, नाल्यात जाते. राखेत आर्सेनिक, शिसं असे घटक थोड्या प्रमाणात असतात, म्हणून विहिरीजवळ तर जास्तच लक्ष हवं.

गावात असं काम निघालं तर ग्रामसंघाच्या दोघी-तिघींनी जाऊन बघा. राखेच्या ट्रकवर ताडपत्री आहे का, टाकलेली राख ओली आहे का, बाजूला माती चढते आहे का? दिसलं ते तारखेसकट वहीत लिहा, जमलं तर मोबाईलवर फोटो काढा. इंजिनियर होण्याची गरज नाही. बाजूची माती नसेल तर पुढचा थर पडण्याआधीच ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वर डांबर पडल्यावर आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही.