टाकीतला समुद्र कसा मोजावा?

आमच्या विज्ञान कक्षातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत दोन कोळंब्या होत्या. गेल्या पावसाळ्यात त्या एकाच रात्री मेल्या. खाणे कमी पडले, कोणीतरी हात घातला, असे नाना तर्क झाले. वहीतल्या नोंदी पाहिल्यावर मात्र दोष आमच्या मोजमापाचाच निघाला. त्यानंतर घरी टाकी ठेवणाऱ्या काही पालकांनी विचारले, की खारेपणा मोजायला डिजिटल मीटर घ्यावे की जुने काचेचे? त्या निमित्ताने हा पाठ.

भूगोलात तुम्ही शिकलात, की समुद्राच्या पाण्याची क्षारता सरासरी दर हजारी ३५ असते. म्हणजे एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. टाकीतले पाणी रोज थोडे वाफ होऊन जाते, क्षार मात्र मागे राहतात. म्हणून कमी झालेली पातळी गोड्या पाण्यानेच भरायची असते. आणि मुलांनो, मांडवीचे पाणी बाटलीत भरून आणू नका. मे महिन्यात ते चांगले खारट असते, पण भर पावसाळ्यात वरचा थर जवळजवळ गोडा होतो.

सर्वांत जुने साधन हायड्रोमीटर. दुधाचे लॅक्टोमीटर पाहिले असेल तर हे वेगळे समजावून सांगायला नको. पाणी जितके दाट, तितकी नळी वर तरंगते. किंमत कमी, बॅटरी नको. पण पाणी तापले की ते विरळ होते आणि नळी अधिक बुडते. आमच्या नळीवर बारीक अक्षरांत १५ अंश सेल्सिअस छापले होते. टाकीचे पाणी होते २८ अंशांवर. आकडा १.०२६ यायला हवा, तो १.०२३ दिसला. आम्हाला वाटले, खारेपणा कमी झाला. मुलांनी एका संध्याकाळीच समुद्री मीठ घालून आकडा जुळवला. प्रत्यक्षात ३५ चे पाणी ३९ च्या आसपास गेले. मासे तगले, कोळंब्यांना तो अचानक बदल सोसला नाही. नळी खोटे बोलत नव्हती; तिच्या अंगावर लिहिलेली अट आम्ही वाचली नव्हती.

प्लॅस्टिकच्या डबीत काटा हलणारा हायड्रोमीटरही मिळतो. काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की तो उगाच वर चढतो. आम्हाला तो फारसा आवडत नाही.

दुसरे साधन रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचे, अर्धा मिनिट थांबून उजेडाकडे धरून पाहायचे. पाण्यात क्षार वाढले की प्रकाश अधिक वळतो, ही अपवर्तनाची गंमत दहावीच्या मुलांना लगेच कळावी. इथे एक मेख आहे. बाजारातील पुष्कळ रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात. समुद्रात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियमही असते, त्यामुळे अशा यंत्रावर ३५ चे समुद्रजल साधारण ३६.५ दाखवते. नुसते डिस्टिल्ड पाणी टाकून शून्य जुळवल्याने हा दोष जात नाही. उपाय मात्र प्रयोगशाळेत करता येतो. ३६.५ ग्रॅम शुद्ध, कोरडे मीठ ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. हे पाणी प्रकाश जवळजवळ ३५ च्या समुद्रजलाइतकाच वळवते. यंत्र त्यावर ३५ ला जुळवा.

आता डिजिटल. यातली काही यंत्रे प्रकाशावरच चालतात, बाकीची पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. ही दुसरी पद्धत हलकी समजू नये. समुद्रशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये ठरवलेली क्षारतेची श्रेणी वाहकतेवरच आधारलेली आहे. पण तापमान एक अंश वाढले की वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, म्हणून तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारे यंत्रच घ्यावे. टोक स्वच्छ ठेवावे लागते, आणि ठरावीक काळाने ज्ञात द्रावणात बुडवून तपासावेही लागते. पिण्याचे पाणी तपासायची टीडीएसची पेन घरोघरी असते, ती मात्र इथे चालत नाही. अशा बहुतेक पेनांची धाव नऊ-दहा हजारांपर्यंत, आणि समुद्राचे पाणी पस्तीस हजारांच्या घरात.

पडद्यावर ३५.२ असे दशांश चिन्हासह उमटले, की आपण मान डोलावतो. चिन्हापुढचा आकडा सूक्ष्म दिसतो, तो खरा असेलच असे नाही. जे यंत्र आपण स्वतः तपासू शकतो, ते घ्यावे. आमच्या मते घरच्या एका टाकीला साधा रिफ्रॅक्टोमीटर आणि तपासणीच्या द्रावणाची बाटली पुरे. जोडीला काचेचा हायड्रोमीटर ठेवावा. दोघांचे पटले नाही, तर मीठ घालण्याआधी थांबावे. टाक्या अनेक असतील, रोज मोजायचे असेल किंवा बारीक रेघा वाचणे डोळ्यांना जड जात असेल, तर डिजिटलचा खर्च योग्य आहे.

विश्वस्त मंडळाकडे आम्ही महागड्या डिजिटल मीटरची मागणी तयार केली होती. ती मागे घेऊन रिफ्रॅक्टोमीटर आणि एक चांगला तापमापक मागितला आहे. नववीची मुले दर सोमवारी दोन्ही साधनांचे आकडे आणि पाण्याचे तापमान टाकीशेजारच्या वहीत लिहितात. नवीन कोळंब्या दिवाळीच्या सुटीनंतरच आणू.