इंजिन थरथरतंय म्हणून लगेच नोझल उतरवू नका: जुन्या टर्बो डिझेलचं डायग्नोसिस आणि त्याचं बिल

मागच्या व्हिडिओत आपण एस्टिमेट लेखी का द्यायचं ते बघितलं. त्यावर बऱ्याच गॅरेजवाल्या मित्रांनी एकच विचारलं की "सर, एस्टिमेट लेखी देऊ, पण बिघाडच नक्की माहीत नसेल तर लिहायचं काय?" बरोबर प्रश्न आहे. म्हणून आज गेल्या महिन्यात माझ्याकडे आलेली एक गाडी घेतो.

गाडी बारा वर्षं जुनी डिझेल हॅचबॅक. इंजिन आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं, १२४८ सीसीचं, चार सिलिंडर, कॉमन रेल, टर्बो. मूळ डिझाइन फियाटचं, पण मारुती, टाटा आणि फियाट या तिन्ही कंपन्यांच्या गाड्यांत ते आलं. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू होताना डिझेल बंद केलं, तरी रस्त्यावर ही इंजिनं अजून भरपूर आहेत. म्हणजे आपल्याला कामही भरपूर आहे.

मालक तासगावकडचे, शेती औषधांचं छोटं दुकान. रोज बागांवर फिरायचं. तक्रार अशी: सिग्नलला गाडी थरथरते, कधी बंद पडते, काळा धूर मारते आणि पिकअप नाही. आधीच्या गॅरेजने सांगितलं होतं, "चारही नोझल गेले, चाळीस हजार लागतील." दादा मला म्हणाले, "चाळीस हजार घालायचे तर गाडीच विकून टाकतो. फक्त खरंच गेलेत का एवढं सांगा."

मी म्हटलं, "तपासायचे आठशे रुपये होतील. काम माझ्याकडे करा किंवा करू नका." त्यांनी लगेच हो म्हटलं. लोक तपासणीचे पैसे देत नाहीत, हा आपल्या मनातला समज आहे. काय तपासणार आणि शेवटी हातात काय मिळणार हे आधी सांगितलं की देतात.

आता बॉनेट उघडण्याआधी विचारायचे प्रश्न. थंड इंजिनला जास्त थरथरते की गरम झाल्यावर? आयडलला की लोडवर? शेवटचं काय काम झालं? यातला आयडल-लोडचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. डिझेलमध्ये टर्बोनंतरचा होज फाटला तर आयडलला फारसा फरक पडत नाही, कारण तेव्हा टर्बोचं प्रेशर जवळपास नसतंच. तो बिघाड चढाला आणि ओव्हरटेकला दिसतो. फक्त आयडलला थरथर असेल तर बघायला दुसऱ्या जागा आहेत: इंजेक्टर, इजीआर, कॉम्प्रेशन, डिझेलमध्ये हवा किंवा पाणी, आणि हो, इंजिन फाउंडेशनचे रबर. रबर बसलेलं असेल तर इंजिन ठणठणीत असूनही स्टेअरिंग हातात नाचतं. ते बघायला दोन मिनिटं लागतात, म्हणून आधी तेच बघा. या गाडीचे रबर ठीक होते. फिल्टरमधून पाणीही निघालं नाही.

मग स्कॅनर लावला. कोड एकच, पी ०१०१, एअर फ्लो सेन्सरच्या रीडिंगबद्दलचा. इथे नवीन पोरं काय करतात? सेन्सर मागवतात. कोड आपल्याला रीडिंग पटत नाही एवढंच सांगतो, का पटत नाही ते आपण शोधायचं. मी आधी इंजेक्टरची करेक्शन व्हॅल्यू बघितली. एखादा सिलिंडर कमी ताकद देत असेल तर ईसीयू त्याला डिझेल वाढवून आयडल सांभाळतो, आणि तो आकडा बाकी तिघांपेक्षा वेगळा पडतो. इथे चारही आकडे लहान आणि जवळजवळ सारखे. खात्रीसाठी रिटर्न टेस्ट केली. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला बाटल्या लावल्या, काही मिनिटं इंजिन चालवलं. चारही बाटल्यांत डिझेल साधारण एकाच पातळीवर. एखादी बाटली इतरांच्या दुप्पट भरली असती तर त्या नोझलवर बोट ठेवता आलं असतं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. जुन्या पंपाच्या डिझेलला मिस्त्री चालू इंजिनावर एकेक पाइपचा नट सैल करून कुठला सिलिंडर मिस मारतो ते ओळखायचे. कॉमन रेलला हे कधीही करायचं नाही. आयडललासुद्धा रेलमध्ये दोनशे बारच्या वर प्रेशर असतं आणि लोडवर ते हजाराच्या पुढे जातं. ती धार कातडीतून आत घुसते, बोट जाऊ शकतं. सिलिंडर कट करायचा तर स्कॅनरमधूनच.

चौघांचं सारखंच आहे म्हटल्यावर बिघाड चौघांना मिळून लागणाऱ्या गोष्टीत शोधायचा, म्हणजे हवेत. आता थोडं गणित. १२४८ भागिले चार, म्हणजे एका सिलिंडरला ३१२ सीसी. आपल्याकडच्या गरम हवेत एक सीसी हवा साधारण १.१५ मिलिग्रॅम. पूर्ण भरला तर ३६० च्या आसपास, प्रत्यक्षात पूर्ण भरत नाही, म्हणून इजीआर बंद असताना आयडलला तीनशेच्या आसपास आकडा यायला हवा. स्कॅनरमधून इजीआर बंद करायची कमांड दिली. आकडा १९० वरच अडकला. म्हणजे बाकीची जागा कोणीतरी भरत होतं, किंवा सेन्सर खोटं बोलत होता.

हे दोन वेगळे करायला सोपी युक्ती आहे. इजीआरच्या पाइपला टेस्टपुरती पत्र्याची ब्लँक टाकली. आकडा ३१० झाला आणि थरथर तिथल्या तिथे थांबली. सेन्सर निर्दोष सुटला. व्हॉल्व्ह उतरवला तर काजळीचा गोळा अडकून तो अर्धवट उघडा राहिलेला. सायलेन्सरकडचा जळका गॅस आयडललासुद्धा आत जात होता, मग काळा धूर येणारच. व्हॉल्व्ह साफ केला, नवीन गॅस्केट टाकलं, ब्लँक काढून घेतली. काही जण ती ब्लँक कायमची ठेवतात आणि त्याचे पैसेही घेतात. मी ते करत नाही. प्रदूषणासाठी बसवलेला पार्ट आपण बाद करायचा आणि उद्या त्रास मालकाला, हा धंदा नाही.

ट्रायलला निघालो. आयडल मस्त, पण चढाला गाडी ओढेना आणि बॉनेटमधून फुस्स आवाज. खरं सांगतो, दोन मिनिटं पोटात गोळा आला. आधीच "सापडलं दादा" म्हणून बसलो होतो. परत आणून इंटरकूलरच्या होजमध्ये हलक्या प्रेशरने हवा भरली, साबणाचं पाणी मारलं. खालच्या बाजूला, क्लॅम्पजवळ, वरून न दिसणारी बोटभर चीर. रबर तेलाने फुगून मऊ झालेलं. लगेच टर्बोचा इनलेट काढून शाफ्ट हलवून बघितला, कारण तेल दिसलं की "टर्बो गेला" म्हणायची आपल्याला घाई असते. शाफ्टला आडवी किंचित हालचाल होती, पुढे-मागे नव्हती, पंख कुठे घासलेले नव्हते. या वयात ब्रीदरमधून एवढं तेल येतंच.

हे मी इतकं सावकाश का करतो? २०१८ मध्ये दुकान नवीन होतं. अशाच थरथरणाऱ्या गाडीला मी न तपासता एक इंजेक्टर बदलला. थरथर तशीच राहिली. पार्ट परत घेतला गेला नाही, गिऱ्हाईक पैसे देऊन गप्प निघून गेलं आणि पुन्हा आलं नाही. भांडलं असतं तर बरं वाटलं असतं. शेवटी निघाली ती इंजेक्टरखालच्या तांब्याच्या वॉशरची गळती. बाजूला डांबरासारखी काजळी जमली होती, टॉर्च मारली असती तरी दिसली असती. बीबीएला आम्हाला गिऱ्हाईक टिकवण्याचा खर्च शिकवला होता, तो मला त्या वॉशरने समजावला.

तासगावच्या दादांना मी फोटो पाठवले: काजळीचा व्हॉल्व्ह, चीर, चार बाटल्या शेजारीशेजारी. बाटल्यांचा फोटो बघून ते म्हणाले, "म्हणजे नोझल चांगले आहेत?" मी म्हटलं, "आज तरी आहेत. सहा महिन्यांनी परत रिटर्न टेस्ट करू." कायमची गॅरंटी द्यायचा मोह होतो, देऊ नका.

बिल असं लिहिलं: तपासणी ८००, इजीआर साफसफाई आणि गॅस्केट १,८५०, होज आणि दोन क्लॅम्प २,४००, एकूण ५,०५०. तपासणीची ओळ वेगळी ठेवली, मजुरीत घुसडली नाही. दादांनी वरचे पन्नास सोडायला सांगितले, मी सोडले. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्यांच्या मेहुण्यांची गाडी पाठवली. तिला खरंच दोन नंबरचा नोझल गेला होता, आणि तीन बाटल्या एका पातळीला, चौथी काठोकाठ, असा फोटो मला त्या गाडीचाच मिळाला. पुढच्या व्हिडिओत तो दाखवतो.